नाशिकचा काळा पाषाण, समुद्राचा तळ आणि भूकंप

पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत तो बेसॉल्ट. ब्रह्मगिरी आणि अंजनेरीही त्याच दगडाचे. अरबी समुद्राच्या खोल भागात गाळाखाली जो खडक लागतो, तोही बेसॉल्टच. दोन्हीकडे लाव्हाच थिजला, पण नाशिकचा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी उघड्या हवेत, तर समुद्रातला पाण्याच्या दाबाखाली. हा फरक दगडात दिसतो. नाशिक-सिन्नर भागात विहीर खणताना खडकाच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिक मिळतात. त्या पोकळ्या म्हणजे लाव्हातून सुटणाऱ्या वायूचे बुडबुडे. खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने नंतर त्यांत स्फटिक वाढवले. समुद्रात 2,500 मीटर खोलीवर दाब हवेच्या सुमारे 250 पट असतो. तिथे वायू फारसा सुटत नाही, म्हणून बुडबुडे थोडे आणि बारीक. लाव्हाची साल थंड पाण्यात क्षणात थिजते, आतला तप्त रस ती फोडून बाहेर येतो, पुन्हा थिजतो. असे उशीच्या आकाराचे गोळे एकमेकांवर रचले जातात.

मुंबईहून पश्चिमेला गेले की खोल समुद्र लगेच लागत नाही. मुंबई ते नाशिक जेवढे अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर समुद्रात बॉम्बे हायच्या तेलविहिरी आहेत. तिथे पाणी जेमतेम 75 मीटर. हा भाग पाण्याखाली गेलेला खंडाचाच काठ आहे. त्यापुढे तळ झपाट्याने उतरतो आणि तीन-चार किलोमीटर खोलीवरचे गाळाचे सपाट मैदान सुरू होते. आणखी नैऋत्येला कार्ल्सबर्ग ही समुद्राखालची पर्वतरांग लागते. इथे भारताकडचा आणि आफ्रिकेकडचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे प्रचंड तुकडे, वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर जातात आणि मधल्या फटीत खालून लाव्हा येऊन नवा तळ तयार होतो. अशा रांगांची जगभरची साखळी सुमारे 65,000 किलोमीटर लांब आहे. नवा तळ गरम, म्हणून फुगलेला असतो. रांगेच्या माथ्यावर पाणी साधारण अडीच किलोमीटर खोल. जसजसा तो थंड होतो तसतसा खचत जातो. अडीच कोटी वर्षे वयाचा तळ सव्वाचार किलोमीटरच्या आसपास सापडतो.

या रांगांवर भूकंप सतत होतात, पण बहुतेक मध्यम किंवा लहान. पट्ट तिथे पातळ आणि गरम असल्यामुळे फार ताण साठवूच शकत नाही. मोठा ताण साठतो तो गर्तांपाशी, म्हणजे समुद्रतळाच्या खोल चरांपाशी, जिथे जुना, थंड आणि जड झालेला तळ दुसऱ्या पट्टाखाली शिरतो. म्हणूनच आजच्या महासागरांचा तळ बहुतेक ठिकाणी 20 कोटी वर्षांहून तरुण आहे; त्याआधीचा पृथ्वीच्या पोटात गेला.

खाली शिरणारा पट्ट सहज सरकत नाही. दोन्ही खडक एकमेकांत अडकतात, मागून येणारा रेटा चालूच राहतो आणि खडक वाकत जातो, ओल्या बांबूची कांब दोन्ही हातांनी वाकवावी तसा. घर्षण हरले की तो झटक्यात मूळ आकाराकडे परततो. हाच भूकंप. 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्राजवळ अशी तुटणारी रेषा सुमारे 1,300 किलोमीटर लांबत गेली. समुद्राचा तळ काही मीटर उचलला गेला आणि त्यावरचे सगळे पाणीही. चार किलोमीटर खोल पाण्यात त्सुनामीचा वेग ताशी सुमारे 700 किलोमीटर असतो. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की वेग घटतो आणि उंची वाढते. अरबी समुद्राच्या उत्तर काठावरही एक पट्ट असाच दुसऱ्याखाली शिरतो. नोव्हेंबर 1945 मध्ये तिथल्या, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती.

नाशिक यापासून दूर, पट्टाच्या आतल्या भागात आहे. तरी दिंडोरी, कळवण, पेठकडे सौम्य धक्के बसतात. कारण भारताचा पट्ट उत्तरेला वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकत हिमालयाला रेटतो आहे आणि त्याचा ताण आतल्या जुन्या भेगांवर येतो. या भेगा मुख्यतः काळ्या पाषाणाखाली आहेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. किल्लारीत खडकात घेतलेल्या खोल छिद्रात बेसॉल्ट 338 मीटरवर संपला, कोयनेजवळ 933 मीटरवर. खाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटसारखा खडक. भूकंपांची नाभी, म्हणजे खडक तुटायला सुरुवात होते ती जागा, त्याच खडकात, काही किलोमीटर खोल. कोयनेत जलाशयाचे पाणी भेगांत मुरून दाब वाढला आणि घर्षण कमी झाले, असे मानले जाते. वरचा पाषाण कितीही अभंग दिसला तरी खाली काय आहे ते त्यावरून कळत नाही.

धक्का कुठून आला हे काढण्याची रीत सोपी आहे. आधी प्राथमिक लहर येते, मग हळू चालणारी दुय्यम. दोन्हींमधल्या सेकंदांना आठने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. पाच सेकंद म्हणजे सुमारे 40 किलोमीटर. तीन नोंदणी केंद्रांभोवती अशा अंतरांची वर्तुळे काढली की ती जिथे छेदतात तिथे अपिकेंद्र, म्हणजे नाभीच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा.

2002 च्या भारतीय मानकाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात नाशिक जिल्हा क्षेत्र 3 मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोका. किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचाच होता. माणसे दगावली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याचे जड छत कोसळून. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी सुटते, म्हणून दर 60 सेंटिमीटर उंचीला आणि आडवे फार तर 1.2 मीटर अंतरावर पूर्ण जाडीचा आरपार दगड हवा, शिवाय दारे-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा. नव्या इमारतींत खांब-तुळईच्या जोडाजवळची, उभ्या सळयांना वेढणारी रिंग नुसती काटकोनात वाकवू नये. टोक 135 अंशांत आत वळवावे, नाहीतर हादऱ्यात ती उघडते आणि खांबाच्या उभ्या सळया बाहेर फुगतात. तळमजला पार्किंगसाठी मोकळा असेल, तर तिथे काँक्रीटच्या भिंतीही हव्यात. गच्चीवरची हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाहून जड असते. ती नुसती विटांवर टेकवलेली नको, स्लॅबमध्ये पक्क्या केलेल्या चौकटीत बसवलेली हवी.