जर्मनीत सस्पेन्शन लोअर केलेल्या गाडीची तपासणी आणि नोंद : पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

जर्मनीत मोटारीचे सस्पेन्शन लोअर करण्यास, म्हणजे वेगळे स्प्रिंग बसवून गाडी जमिनीच्या जवळ आणण्यास, कायद्याची मनाई नाही. मात्र नवे स्प्रिंग बसवल्यानंतर मान्यताप्राप्त तपासनीसाकडून गाडी विनाविलंब तपासून घेतली नाही, तर तिची रस्त्यावर चालण्याची मान्यता, म्हणजे ‘बेट्रीब्सएर्लाउबनिस’, संपुष्टात येते. श्टुटगार्ट, म्युनिक, वोल्फ्सबुर्ग अशा मोटार उद्योगाच्या शहरांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहीजण तिथे पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेतात आणि हौसेने तिच्यात बदल करतात. त्यांना ही प्रक्रिया बहुधा दोन प्रसंगी कळते : पोलिसांनी गाडी थांबवल्यावर, किंवा लोअर केलेली गाडी वळणावर नीट वागत नाही म्हणून गॅरेजमध्ये नेल्यावर. ही माहिती त्याआधी हाताशी असावी, यासाठी हा लेख आहे.

या प्रक्रियेचा पाया ‘एसटीव्हीझेडओ’ या वाहन-मान्यता नियमावलीच्या कलम १९ मध्ये आहे. बदलामुळे गाडीचा मान्य प्रकारच बदलत असेल, इतरांना धोका संभवत असेल किंवा धूर व आवाजाची पातळी बिघडत असेल, तर गाडीची मान्यता रद्द होते, असे या कलमाचा दुसरा परिच्छेद सांगतो. सस्पेन्शन हा दुसऱ्या कारणात मोडणारा भाग आहे. तिसऱ्या परिच्छेदात यातून सुटण्याची वाट दिली आहे : बसवलेल्या भागाचा मान्य तांत्रिक अहवाल उपलब्ध असेल आणि तो भाग बसवल्यावर लगेच तपासणी करून घेतली असेल, तर मान्यता अबाधित राहते.

कोणती गाडी आणि कोणते स्प्रिंग पात्र ठरतात

पात्रता गाडीच्या मालकावर अवलंबून नसते. ती गाडी आणि स्प्रिंग यांच्या जोडीवर अवलंबून असते. चांगल्या कंपनीच्या लोअरिंग स्प्रिंगसोबत ‘टाइलेगुटाख्टेन’ नावाचा अहवाल मिळतो. तो स्प्रिंग कोणत्या गाड्यांना, किती ॲक्सल-भारापर्यंत (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवरील वजनापर्यंत) आणि कोणत्या अटींवर चालतो, हे त्यात तक्त्यांच्या स्वरूपात दिलेले असते. पैसे देण्यापूर्वी हा अहवाल मागवून घ्यावा आणि आपल्या नोंदणीपत्राशी, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘फारत्सोइगशाइन’शी, ओळीने ताडून पाहावा. नोंदणीपत्रात ‘के’ रकान्यात मान्यता क्रमांक असतो, ‘डी.२’ मध्ये प्रकार व आवृत्ती असते, २.१ आणि २.२ मध्ये उत्पादक व मॉडेलचे संकेतांक असतात आणि ८.१ व ८.२ मध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलवरचा अनुज्ञेय भार किलोग्रॅममध्ये असतो. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या पुढच्या ॲक्सलवरील भारात फरक असतो, त्यामुळे मित्राच्या गाडीला बसलेले स्प्रिंग आपल्या गाडीला कागदोपत्री लागू होतीलच असे नाही. मला ही तपासणी संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे नजरचूक झाली तर पुढचे सर्व कागद निरुपयोगी ठरतात.

स्प्रिंगसोबत ‘एबीई’ ही सर्वसाधारण मान्यता मिळाली असेल, तर ती गाडीत बाळगणे काही वेळा पुरेसे असते, परंतु त्यातही तपासणीची अट घातलेली असू शकते. म्हणून अटींचे पान पूर्ण वाचावे. कोणताच अहवाल नसलेले किंवा फक्त धातूच्या मजबुतीचे प्रमाणपत्र असलेले स्प्रिंग घेतले, तर त्याच नियमावलीच्या कलम २१ नुसार त्या एका गाडीपुरती वैयक्तिक मान्यता मिळवावी लागते. ते काम खर्चिक असते आणि ते होईलच याची खात्री नसते. स्प्रिंगसोबत वेगळ्या मापाची चाकेही बसवायची असतील, तर दोन्ही अहवालांत परस्परांचा उल्लेख आहे का ते पाहावे, कारण तसा उल्लेख नसल्यास साध्या तपासणीवर भागत नाही.

गाडी भाडेकरारावर किंवा कर्जावर असेल, तर मालक कंपनीची वा बँकेची लेखी परवानगी आधी घ्यावी.

तपासणीपूर्वी : वागणूक बिघडण्याची कारणे

लोअर केल्यावर गाडी रस्त्याच्या चरांमागे धावते, ब्रेक लावला की एका बाजूला ओढते, वळणात अचानक ताठ होते किंवा टायर आतल्या कडेने झिजतात, अशा तक्रारी नेहमीच्या आहेत. यामागची कारणे समजून घेतली की तपासनीस काय पाहतो आणि का पाहतो, हेही उलगडते.

बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब, असतो; त्याचे खालचे टोक चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याने, म्हणजे खालच्या आर्मने, धरलेले असते. गाडी खाली आली की खालच्या आर्मचा चाकाकडचा शेवट वर जातो आणि आर्म उलट्या दिशेने तिरपा होतो. त्यामुळे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो ‘रोल सेंटर’ गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोहोंतले अंतर वाढल्याने, स्प्रिंग पुरेसे कडक नसतील तर, गाडी खाली येऊनही वळणात आधीपेक्षा जास्त कलू शकते. स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) आणि खालचा आर्म हे दोघे वेगवेगळ्या वर्तुळांत फिरू लागतात, म्हणून खड्डा आला की स्टिअरिंग न फिरवताही चाकाची दिशा किंचित बदलते. यालाच बंप स्टिअर म्हणतात. मागे मल्टीलिंक (चाक अनेक दांड्यांनी धरणारी रचना) असेल तर चाकांचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो आणि टायरची आतली कड झिजते.

सर्वांत धोकादायक बाब मात्र स्प्रिंगच्या उरलेल्या हालचालीची आहे. गाडी ३० ते ४० मिलिमीटर खाली आणली की तेवढीच दाबली जाण्याची जागा कमी होते, आणि भरल्या गाडीत, वळण घेताना, रस्त्यावर उंचवटा आला की सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या टोकाला असलेल्या रबरी अडथळ्यावर, जाऊन आदळते. त्या क्षणी त्या ॲक्सलचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड तुटते. पुढचा ॲक्सल असेल तर गाडी वळणाबाहेर सरळ जाते, मागचा असेल तर शेपूट बाहेर फेकले जाते. म्हणूनच अहवालात बंप स्टॉप किती मिलिमीटर कापायचा किंवा कोणता नवा बसवायचा, हे लिहिलेले असते. ती ओळ मेकॅनिकला दाखवावी. कडक स्प्रिंगवर जुने थकलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसेच ठेवले, तर गाडी खड्ड्यानंतर उसळत राहते, त्यामुळे गाडीने बरेच अंतर कापले असेल तर शॉकही बदलणे उचित.

फिटिंगमधील एक चूक इतकी सर्रास होते की तिचा स्वतंत्र उल्लेख करतो. आर्मच्या सांध्यातील रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पक्के आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच ते रबर पिळलेल्या अवस्थेत राहते. गाडी एका बाजूला उंच दिसते, सस्पेन्शन अडखळते आणि बुश लवकर फाटतात. हे बोल्ट चाकांवर गाडीचे वजन आल्यानंतरच, गाडीच्या नव्या उंचीवर, अंतिम आवळायचे असतात. गाडी लोअर केल्यावर विचित्र वागत असेल, तर नवे भाग विकत घेण्यापूर्वी ही गोष्ट तपासावी.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून त्याचा छापील अहवाल घ्यावा आणि हेडलाइटची उंची पुन्हा लावून घ्यावी. काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमध्ये रडार असलेल्या गाड्यांत उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे त्यांचे कॅलिब्रेशनही (नव्या उंचीप्रमाणे अचूक जुळवणी) करावे. इथे एक अडचण येते. नवे स्प्रिंग काही अंतर चालल्यावर आणखी थोडे बसतात, पण तपासणीपूर्वी गाडी मनसोक्त फिरवता येत नाही. मान्यता संपलेली गाडी केवळ नवी मान्यता मिळवण्याशी थेट संबंधित फेऱ्यांसाठीच, म्हणजे गॅरेज ते तपासणी केंद्र अशा प्रवासासाठीच, रस्त्यावर आणता येते. म्हणून फिटिंग, अलाइनमेंट आणि तपासणी यांच्या वेळा लागोपाठच्या घ्याव्यात आणि काही आठवड्यांनी अलाइनमेंट पुन्हा पाहून घ्यावे.

तपासणीच्या दिवशी

ही तपासणी ‘एंडरुंग्सआबनामे’ या नावाने ओळखली जाते. ती ट्यूफ, डेक्रा, गेटेयू, क्यूस यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थांकडे वेळ ठरवून करता येते, आणि अनेक गॅरेजांत या संस्थांचे अभियंते ठरावीक दिवशी येतात. सोबत नोंदणीपत्र, स्प्रिंगचा संपूर्ण अहवाल, अलाइनमेंटचा छापील अहवाल, गाडीत आधी केलेल्या बदलांचे कागद आणि शक्य असल्यास फिटिंगचे बिल न्यावे. अहवालाची पहिली दोन पाने नेऊन भागत नाही. आपल्या गाडीचा तक्ता आणि अटींची पाने त्यात हवीत.

तपासनीस प्रथम स्प्रिंगवर छापलेला क्रमांक वाचून तो अहवालाशी जुळवतो. हा क्रमांक कॉइलवर चिखलाने किंवा रंगाने झाकला गेलेला असेल तर ओळख पटवणे अवघड होते, म्हणून फिटिंगच्या वेळीच तो वाचता येईल अशा बाजूस ठेवावा आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. मग गाडी लिफ्टवर उचलून चाके लटकत असताना स्प्रिंग आपल्या जागी घट्ट बसलेला आहे की सैल होऊन फिरतो, हे पाहिले जाते. सैल होणारा स्प्रिंग उंचवट्यावर जागा सोडू शकतो, त्यामुळे इथे सूट मिळत नाही. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे आटे फिरवून वर-खाली करता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच, असतील, तर थ्रेडचे मोजमाप किंवा चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घेऊन कागदावर लिहिले जाते, आणि नंतर गाडी त्याहून खाली आणली तर ती नोंद लागू राहत नाही.

पुढचा भाग चाकांच्या मोकळ्या हालचालीचा असतो. कर्णरेषेतील दोन चाके उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन पूर्ण दाबले जाते आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर मडगार्डच्या अस्तराला, ब्रेकच्या नळीला किंवा स्ट्रटला घासतो का, ते तपासले जाते. जमिनीपासूनच्या उंचीसाठी कायद्यात ठरावीक आकडा नाही. तपासनीस ८०० मिलिमीटर रुंद आणि ११० मिलिमीटर उंच अडथळ्यावरून गाडी न घासता जाते का, या कसोटीचा आधार घेतात. मात्र हेडलाइटच्या लो बीमच्या प्रकाशपृष्ठाची खालची कड जमिनीपासून ५०० मिलिमीटरपेक्षा खाली येता कामा नये, आणि नंबर प्लेटची खालची कड पुढे २०० व मागे ३०० मिलिमीटरपेक्षा खाली असू नये, हे आकडे नियमांतच आहेत. शेवटी बहुधा छोटी फेरी मारून गाडी ब्रेकखाली आणि वळणात कशी वागते ते पाहिले जाते, आणि वर सांगितलेले दोष इथे उघड होतात.

प्रमाणपत्र, नोंद आणि विमा

सर्व ठीक असल्यास तपासणीचे प्रमाणपत्र मिळते आणि ते मूळ स्वरूपात गाडीत बाळगावे लागते. नोंदणीपत्रातील दुरुस्ती ताबडतोब करायची की पुढच्या वेळी नोंदणी कार्यालयात जाल तेव्हा केली तरी चालेल, हे त्याच प्रमाणपत्रात लिहिलेले असते. माझा सल्ला असा की मुभा असली तरी नोंद लवकर करून घ्यावी, कारण सुटा कागद हरवतो. ‘त्सुलासुंगश्टेले’ या नोंदणी कार्यालयात पासपोर्ट, पत्त्याचा दाखला म्हणजे ‘मेल्डेबेशाइनिगुंग’, नोंदणीपत्र, तपासणीचे प्रमाणपत्र आणि गाडीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या मुख्य तपासणीचा वैध अहवाल लागतो. मालकीपत्र म्हणजे ‘फारत्सोइगब्रीफ’ मागितले जाऊ शकते, आणि ते बँकेकडे असेल तर आगाऊ मागवावे. गाडीच्या उंचीची नोंद २० क्रमांकाच्या रकान्यात आणि स्प्रिंगचा तपशील २२ क्रमांकाच्या शेऱ्याच्या रकान्यात येतो.

विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि पोच जपून ठेवावी. माहिती दडवली आणि अपघात झाला, तर समोरच्याची भरपाई कंपनी करते, परंतु वाढलेली जोखीम न कळवल्याबद्दल ५,००० युरोपर्यंतची रक्कम आपल्याकडून वसूल करू शकते.

मान्यता संपलेली आणि सुरक्षिततेला बाधा आणणारी गाडी चालवताना पकडल्यास चालकाला ९० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्ग येथील वाहतूक-गुन्ह्यांच्या केंद्रीय नोंदवहीत एक दोषगुण लागतो, तर अशी गाडी रस्त्यावर आणू देणाऱ्या मालकाला १३५ युरो व एक दोषगुण.

महाराष्ट्रात परत येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की जर्मनीतील अहवाल दाखवून आपल्या आरटीओत अशी नोंद होत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका घेतली, आणि त्याच वर्षी आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

जुनी गाडी विकत घेताना ती आधीच लोअर केलेली असेल, तर विक्रेत्याकडून तपासणीचे मूळ प्रमाणपत्र मागावे, २२ व्या रकान्यातील नोंद पाहावी, आणि गाडी लिफ्टवर घेऊन स्प्रिंगवरचा क्रमांक त्या नोंदीशी जुळतो का ते स्वतः वाचावे. क्रमांक जुळत नसेल, तर मूळ स्प्रिंग परत बसवून देण्याची किंवा नवी तपासणी करून देण्याची अट खरेदी करारात लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.