दवबिंदू आणि ‘दलदल’ या शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

गोल पानांचा दवबिंदू आणि आपल्याकडचा गवती दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पतींना १७५३ साली एकाच ग्रंथात शास्त्रीय नावे मिळाली. पुढे लक्ष गेले ते पहिल्याकडेच. १८६०च्या उन्हाळ्यात एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याच्या पानांवर मांसाचे कण ठेवून प्रयोग सुरू केले आणि पान भक्ष्य खरोखर पचवते, हे १८७५ साली प्रसिद्ध केले.

ही जात युरोप, सायबेरिया, जपान आणि उत्तर अमेरिकेच्या समशीतोष्ण पट्ट्यात वाढते. तिथली ओली जमीन शेवाळाच्या थरांची, आम्ल आणि नत्राला पारखी असते. ही उणीव किडे भरून काढतात. हिवाळ्यात सारे रोप एका घट्ट कळीत मिटून बर्फाखाली टिकते.

अशा जमिनीला मराठीत सरसकट ‘दलदल’ म्हटले गेले, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच झाले. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दलदल म्हटली की तलावाच्या पोटातला, शिंगाड्याचा काळा, कसदार गाळ डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडच्या दवबिंदूला नेमका तोच मानवत नाही. तो वाढतो बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, वरच्या अंगाला, धानाच्या बांधीलगतच्या मुरमाड उतारावर, जिथे भाद्रपदापासून पाण्याचा पातळ पाझर असतो आणि गवतही धड वाढत नाही. तिथे उकिडवे बसले, तरच आपल्याकडच्या दुसऱ्या एका जातीच्या पानांचे रुपयाएवढे लालसर चक्र दिसते. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, भर दुपारीही न वाळणारा, आणि त्यात अडकलेले एखादे चिलट. गवती जातीची पाने मात्र उभी, सुतासारखी आणि फुले गुलाबी असतात. उन्हाळ्यापूर्वी या रोपांचे आयुष्य संपते, मागे बारीक बी उरते.

या जागा टिकल्या त्या तलावांच्या आधाराने. १९५०नंतर मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल सुटली. २०१७पासून गाळ काढून शेतात टाकण्याची योजना आली. धानाला ती हवीच होती आणि शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. परंतु काठच्या मुरमावर गाळ पसरला की जमीन कसदार होते, गवत उंच वाढते आणि त्याच्या सावलीत हे बुटके रोप तग धरत नाही. दलदल वाचवायची म्हणून तलावाचे पोट जपले जाते. वरचा मुरूम मात्र सातबाऱ्यावर ‘पडीत’ म्हणूनच राहतो.