‘कवडी’ इंग्रजीतून आलेली नाही

नागपूरला समुद्र नाही, म्हणून ‘कवडी’ हा शब्द साहेबाच्या ‘कौरी’वरून आला, असं इथे बरेच जण सांगतात. उलट आहे. संस्कृत कपर्दिका, प्राकृत कवड्डिआ, मग कवडी: ‘प’चा ‘व’ आणि ‘र्द’चा ‘ड्ड’ नेहमीच्याच नियमाने झाला. इंग्रजांनी सतराव्या शतकात हा शब्द हिंदुस्थानीतून उचलला. ‘कपर्द’ म्हणजे गुंडाळलेली जटाही. म्हणून शंकर कपर्दी.

दुसरा गैरसमज ‘कवडीमोल’मुळे झाला: कवडीला किंमतच नव्हती. होती, फक्त सर्वांत लहान. मालदीवहून येणारी कवडी चलन होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात (1150) जुन्या नाण्यांचा हिशेब आहे: 20 कवड्यांची एक ‘काकिणी’, 4 काकिणींचा एक ‘पण’, 16 पणांचा एक ‘द्रम्म’, म्हणजे द्रम्माला 1280 कवड्या!

कवडीला शिंपला म्हणू नका. शिंपल्याला दोन झडपा असतात. कवडी एकसंध, गोगलगायीचं कवच.

नागपूरच्या इतवारी बाजारात पूजेसाठी कवडी घेताना खालची चीर पाहा: दोन्ही कडांना दाते हवेत. शंका असेल तर चिरेजवळ किंचित खरवडून लिंबाचा थेंब टाका. खरी कवडी चुनखडीच्याच पदार्थाची, म्हणून बुडबुडे येतात, प्लास्टिकवर येत नाहीत. लगेच धुवा, नाहीतर चकाकी जाते.