पार्श्वभूमी : सीएसआरचा पैसा, गरीब घरचे तरुण आणि दान-भरतीमधली पुसट रेघ

पैसा कंपनीचा (सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा), केंद्र संस्थेचं, मुलं वस्तीतली. मोबिलायझर घरोघरी फिरून बॅच भरतो, तीन महिने संगणक, थोडं इंग्रजी, मुलाखतीला कसं बसायचं, एखादं यंत्र कसं चालवायचं हे शिकवलं जातं आणि शेवटी ऑफर लेटर हातात घेतलेल्या मुलामुलींचा फोटो वार्षिक अहवालात छापला जातो. हा साचा आता सगळ्यांच्या इतका ओळखीचा आहे की तो कायम असाच होता असं वाटावं. प्रत्यक्षात त्याची बहुतेक वळणं २०१४ नंतरची आहेत.

त्याआधीही कारखानदार तरुणांना शिकवत होतेच. जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या आधाराने तंत्रशिक्षणाची शाळा १९२१ मध्ये सुरू झाली. पण कारखान्याला कारागीर हवे होते म्हणून ती निघाली, त्याला कुणी दानधर्म म्हटलं नाही. दानाचा हिशेब वेगळ्या वहीत असायचा: दवाखाना, धर्मशाळा, शिष्यवृत्ती. पुढे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने उमेदवार घेऊन शिकवणं ठरावीक आस्थापनांना बंधनकारक केलं. म्हणजे बराच काळ कामाचं प्रशिक्षण ही एक तर कंपनीची गरज होती, नाहीतर कायद्याचा हुकूम. तिसरा खण नव्हता.

तो खण तयार व्हायला सुरुवात झाली २००७-०८ च्या सुमाराला. देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी ‘खासगी-सार्वजनिक भागीदारी’ची योजना आली. प्रत्येक आयटीआयला अडीच कोटी रुपयांचं बिनव्याजी कर्ज आणि संस्था व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी उद्योगाचा माणूस. गंमत अशी की या भागीदारीत पैसा सरकारचा होता आणि खुर्ची उद्योगाची. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कौशल्य देण्याचा आकडा जाहीर केला, २०१५ च्या धोरणात तो ४० कोटी झाला. एवढ्या मोठ्या आकड्याचा एक परिणाम ठरलेला होता: प्रशिक्षण डोक्यागणिक आणि तासागणिक मोजलं जाऊ लागलं, आणि ‘ट्रेनिंग पार्टनर’ नावाचा, म्हणजे पैसे घेऊन बॅच चालवणाऱ्या संस्थांचा, एक नवा व्यवसाय उभा राहिला. सीएसआरचा पैसा वाहू लागला तेव्हा तो याच आयत्या पाटात शिरला.

सीएसआर सक्तीचा कसा झाला, ती कथा थोडक्यात सांगता येते. २००९ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक सूचना आल्या, २०१० मध्ये संसदेच्या स्थायी समितीने सक्तीच्या बाजूने कौल दिला, नव्या कंपनी कायद्याचं विधेयक लोकसभेत डिसेंबर २०१२ मध्ये आणि राज्यसभेत ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर झालं आणि त्यातलं सीएसआरचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. दोन टक्क्यांचं गणित असं: ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची. इथे महत्त्वाची आहे ती सातवी अनुसूची, म्हणजे कशावर खर्च केला तर तो सीएसआर धरायचा याची यादी.

या यादीच्या दुसऱ्या कलमात शिक्षणाच्या जोडीला ‘रोजगार वाढवणारी व्यवसाय-कौशल्यं’ आहेत आणि लगेच पुढे, विशेषतः कुणासाठी, तेही लिहिलं आहे: मुलं, स्त्रिया, वृद्ध आणि दिव्यांग. तरुण हा शब्द तिथे नाही. ज्यांच्या नावाने एवढी केंद्रं चालतात तो अठरा ते पंचवीसचा बेरोजगार मुलगा या वाक्यात ‘विशेषतः’च्या बाहेरच उभा आहे. मुलींच्या बॅचना कलमाचा थेट आधार मिळतो, मुलांच्या बॅच ‘उपजीविका वाढवणारे प्रकल्प’ या शेवटच्या शब्दांवर तरतात. प्रत्यक्षात याने कुणाचं अडलं नाही, कारण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या जून २०१४ च्या परिपत्रकाने अनुसूचीचा अर्थ उदारपणे लावायला सांगितलं होतं. पण मसुदा लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर कोण होतं, हे त्यातून दिसतंच.

खरा गुंता वेगळा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. कंपनीने गरीब घरच्या मुलीला शिकवलं आणि मग स्वतःच कामावर घेतलं, तर ते दान की भरती?

समजा, एका कपड्यांच्या कंपनीने दोनशे मुलींना शिलाई मशीनचं प्रशिक्षण दिलं. त्यातल्या दीडशे जणी तिच्याच कारखान्यात लागल्या. मुलींच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगला शेवट नाही: शिकवणाऱ्याला काम माहीत होतं, काम तयार होतं, मधे दलाल नव्हता. कंपनीच्या हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर एरवी भरतीवर आणि सुरुवातीच्या प्रशिक्षणावर झाला असता तो खर्च दोन टक्क्यांतून भागला. २०१४ च्या नियमांनी दोन गोष्टी सीएसआरमधून वगळल्या होत्या: नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून केलेली कामं आणि फक्त कर्मचाऱ्यांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या फायद्याची कामं. त्या दोनशे मुली शिकत होत्या तेव्हा कर्मचारी नव्हत्या. आणि कपडे शिवणं हा कंपनीचा व्यवसाय असला तरी शिवायला शिकवणं हा व्यवसाय आहे का? नियम वाचून दोन्ही उत्तरं देता येतात.

२०२१ च्या जानेवारीत नियम बदलले तेव्हा हा गुंता सुटण्याऐवजी आणखी एक पीळ पडला. ‘फक्त’ हा शब्द गेला आणि कर्मचारी म्हणजे कोण, यासाठी २०१९ च्या वेतन संहितेतल्या व्याख्येकडे बोट दाखवलं गेलं. ती व्याख्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराला कर्मचाऱ्यांतून स्पष्टपणे वगळते. म्हणजे अप्रेंटिस कर्मचारी नाही, म्हणून त्याच्यावरचा खर्च त्या कारणाने बाद होत नाही. पण त्याच नियमांत दुसरा दरवाजा बंद आहे: इतर कोणत्याही कायद्याखालचं बंधन पाळण्यासाठी केलेला खर्च सीएसआर नाही. अप्रेंटिस घेणं तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला बंधनकारक आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के या पट्ट्यात. म्हणजे अडीच टक्क्यांपर्यंत बंधन आणि तिथून वर कंपनीची इच्छा. मग त्या वरच्या उमेदवारांचं विद्यावेतन कुठल्या वहीत लिहायचं? एकाच शॉपफ्लोअरवर एकाच मशीनपाशी उभ्या असलेल्या दोन मुलांपैकी एक बंधनाचा आणि एक स्वखुशीचा, असा हा प्रकार.

या गुंत्याचा परिणाम मला फार मोठा वाटतो, निदान जेवढी चर्चा होते त्याहून मोठा. ज्या कंपन्यांना शंका नको होती त्यांनी स्वतःच्या कामापासून लांबचं प्रशिक्षण निवडलं. वाहनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने ब्युटी पार्लरचा कोर्स चालवला तर कुणी बोट दाखवत नाही. तिने मशीनिंगचा कोर्स चालवला तर हेतूची चौकशी होऊ शकते. ज्या कामातलं कंपनीला सगळ्यात जास्त कळतं तेच शिकवायला तिने बिचकावं, ही या रेघेची किंमत आहे. रेघ काढलीच नसती तर दोन टक्क्यांचा अर्धा भाग भरती विभागाने खाल्ला असता, हेही तितकंच खरं.

असाच एक छोटा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या वेळेचा. मुलाखतीचा सराव घेणं, बायोडेटा तपासून देणं, महिन्यातून दोनदा एखाद्या मुलाशी फोनवर बोलणं, या गोष्टी प्रशिक्षकापेक्षा नोकरीतला माणूस चांगल्या करतो. जून २०१४ च्या परिपत्रकाने कर्मचाऱ्यांनी सीएसआरवर घालवलेल्या तासांचा पगार खर्चात धरायला मुभा दिली होती. तीन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, ती काढून घेतली गेली आणि प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या मर्यादेत आला. तेव्हापासून मेंटॉरिंग म्हणजे शनिवारची स्वयंसेवा. चालली तर चालली.

‘प्लेसमेंट’ या शब्दाचंही थोडं सांगायला हवं. २०१५ च्या सरकारी समान निकषांनी प्रशिक्षण संस्थेचे पैसे तीन हप्त्यांत वाटले: ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर, २० टक्के नोकरी लागल्यावर. बॅच भरली आणि परीक्षा झाली की ८० टक्के रक्कम संस्थेच्या खात्यात. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी कोण किती धावेल, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. शिवाय प्लेसमेंट म्हणजे ऑफर लेटर, की पहिल्या दिवसाची हजेरी, की तिसऱ्या महिन्याची पगाराची पावती? स्वयंरोजगार त्यात धरायचा का? ग्रामीण तरुणांच्या केंद्रीय योजनेत सलग तीन महिने टिकलेली नोकरीच मोजली जायची, ती अट कडक मानली गेली. गावातून पहिल्यांदा शहरात आलेली, खोलीचं भाडं आणि खानावळीचा हिशेब घालताना पहिला पगार संपलेला पाहणारी मुलगी चौथ्या महिन्यात परत गेली, तर कागदावर ती यशस्वीच.

२०१९ ते २०२१ या काळात कायदा कडक झाला. खर्च न केल्यास अधिकाऱ्यांना तुरुंगवासापर्यंतची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीत आली, उद्योगांनी आरडाओरडा केला आणि पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीत तिची जागा दंडाने घेतली. या गदारोळात प्रशिक्षणाच्या दृष्टीने जास्त कामाची असलेली तरतूद कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. ‘चालू प्रकल्प’ ही संज्ञा आली आणि सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालणाऱ्या कामासाठी पैसा वेगळ्या खात्यात ठेवता येऊ लागला. तोवर सगळं ३१ मार्चला बांधलेलं होतं. शाळा सुटलेल्या मुलाला परत अभ्यासाला बसवून, दहावी करून, मग कामाला लावायचं तर दोन-तीन वर्षं लागतात. मार्चच्या हिशेबात फक्त तीन महिन्यांची बॅच बसायची, म्हणून तीच सगळीकडे पसरली.

त्याच नियमांनी संस्थांना नोंदणी क्रमांक सक्तीचा केला. सीएसआरच्या पैशातून घेतलेली यंत्रं आणि इमारती कंपनीच्या नावावर राहणार नाहीत, हेही ठरलं. मोठ्या कंपन्यांना परिणामांचं मूल्यमापन करून घेणं भाग पडलं, पण ते एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरतंच. वस्तीतलं एक केंद्र, वर्षाला चार बॅच, एवढ्या कामाचा खर्च सहसा त्या रकमेच्या जवळही जात नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त संख्येने चालणारा प्रकार सगळ्यात कमी तपासला जातो.

पैसा वाढत गेला. २०१४-१५ मध्ये देशभरातला सीएसआर खर्च सुमारे १० हजार कोटी होता, २०२२-२३ मध्ये तो ३० हजार कोटींच्या घरात पोहोचला. शिक्षणाचा वाटा त्यात बहुधा सर्वांत मोठा राहिला, कौशल्याचा त्यामानाने बराच लहान. राज्यांत महाराष्ट्र पुढे, पण कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच सांगत असल्याने पैसा कारखाने आणि मुख्यालयांभोवती साचतो. नंदुरबार आणि गडचिरोली २०१८ च्या ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आले, तरी कंपनीचं गेटच नसलेल्या तालुक्यात ‘स्थानिक क्षेत्र’ कुणाचं, हा प्रश्न तसाच राहिला.

आणि मग जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात इंटर्नशिपची योजना आली. पाचशे बड्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुण, वर्षभराची इंटर्नशिप, महिना ५,००० रुपये. त्यातले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीच्या सीएसआरमधून; शिकवण्याचा खर्चही सीएसआरमधून. या पाचशे कंपन्या उलाढालीवरून निवडल्या नाहीत, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी सीएसआर खर्चावरून निवडल्या. सुरुवातीच्या अटी अशा: वय २१ ते २४, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, घरात कायम सरकारी नोकरी नको. निम्मा काळ तरी वर्गात नाही, प्रत्यक्ष कामावर घालवायचा.

दहा वर्षं जी रेघ सांभाळून कंपन्या शिलाई आणि मशीनिंगच्या कोर्सभोवती फेऱ्या घालत होत्या, तिच्यावरून ही योजना सरळ चालत गेली. इंटर्न कर्मचारी नाही, मालक-नोकर असं नातं जुळत नाही, म्हणून त्याच्यावरचा खर्च सीएसआरला चालतो. काम मात्र तो कंपनीच्याच छपराखाली, कंपनीच्याच माणसांबरोबर करतो. शिलाईच्या त्या दोनशे मुलींबद्दल नियम अजूनही तेवढेच धूसर आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून जास्त जागा निघाल्या. सुमारे ८२ हजार प्रस्ताव दिले गेले, २८ हजारांच्या आसपास तरुणांनी ते स्वीकारले आणि प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांहूनही कमी. लांबचं ठिकाण, न पटलेलं काम आणि वर्षाचा कालावधी ही कारणं पुढे आली. दुसरी फेरी जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हाही विद्यावेतन ५,००० रुपयेच होतं.