शिअरिंग मशीन

पत्रा किंवा प्लेट दोन पात्यांमध्ये धरून सरळ रेषेत तोडणारे यंत्र. शास्त्रीय मराठीत त्याला कर्तन यंत्र म्हणतात, पण कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत हा शब्द वापरला तर समोरचा ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारील. तिथे ते शिअरिंग. हळद शिजवायचे कुकर, उसाच्या ट्रॉलीचे फाळके, धान्याच्या कोठ्या, लोखंडी कपाटे या सगळ्यांची सुरुवात याच यंत्रावर होते. आठ बाय चार फुटांचा पत्रा येतो आणि मापाचे तुकडे होऊन वेल्डिंगकडे जातो.

खालचे पाते टेबलाच्या कडेला पक्के बसवलेले असते. वरचे पाते रॅमवर, म्हणजे वरखाली होणाऱ्या जड भागावर असते आणि किंचित तिरपे असते, त्यामुळे काप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कात्रीसारखा सरकत जातो. तिरपेपणामुळे जोर कमी लागतो, मात्र अरुंद पट्टी पिळवटून पडते. पाते उतरण्याआधी दाबे खाली येऊन पत्रा टेबलावर आवळतात. मागच्या बाजूला बॅक गेज, म्हणजे हव्या त्या मापावर ठेवायचा थांबा असतो. पत्रा त्याला टेकवला की माप ठरले.

यंत्राचे दोन प्रकार सर्रास दिसतात. मेकॅनिकल यंत्रात मोटर फ्लायव्हील (जड चाक) फिरवत राहते, पायटा (पायाने दाबायची पट्टी) दाबला की त्या चाकाला रॅमशी जोडणारी क्लचची किल्ली बसते आणि रॅम एक फेरा पूर्ण करतो. किल्लीच्या क्लचमध्ये एकदा सुटलेला फेरा मधे थांबत नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रात रॅम अर्ध्यावर थांबवता येतो. जुन्या बाजारातून घेतलेली यंत्रे बहुधा पहिल्या जातीची असतात, म्हणून पुढचे बरेचसे विवेचन त्यांच्याबद्दल आहे.

पत्रा कापला जातो असे आपण म्हणतो, पण कापलेली कड नीट पाहिली तर तिथे दोन पट्टे दिसतात. एक चकचकीत, दुसरा राखाडी आणि खरबरीत. पाते जाडीच्या काही भागापर्यंतच शिरते, उरलेला धातू तुटतो. ही तूट स्वच्छ व्हावी म्हणून दोन पात्यांत थोडी फट ठेवतात. साध्या लोखंडासाठी ती जाडीच्या ५ ते १० टक्के धरतात. म्हणजे ३ मिमी पत्र्याला ०.१५ ते ०.३ मिमी. फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची असते, डोळ्याने नाही. फट जास्त झाली की कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कोर येते आणि पातळ पत्रा कापण्याऐवजी पात्यांच्या मधे दुमडून ओढला जातो. कमी झाली की धारेचे टवके उडतात. बर आलेली कड वस्तऱ्यासारखी असते. टाके पडणाऱ्या जखमा पात्याने कमी आणि या कडेने जास्त होतात, म्हणून पत्रा उचलताना चामड्याचे हातमोजे घालायचे.

यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेली क्षमता साध्या लोखंडाची असते. तीन मिमी म्हणजे एक सूत, सहा म्हणजे दोन सूत, असा हिशेब इथल्या कारागिरांच्या तोंडी बसलेला आहे, पण ‘दोन सूत कापतंय’ हे स्टेनलेसला लागू नाही. त्याला जास्त जोर लागतो, तेव्हा जाडी बरीच खाली आणावी लागते. सळई, कमानीचा (गाडीच्या स्प्रिंगचा) पाटा, वेल्डिंगची गाठ असलेला तुकडा, एकावर एक ठेवलेले दोन पत्रे यांपैकी काहीही या यंत्रात घालू नये. पाटा कडक केलेल्या पोलादाचा असतो. त्याने पाते फुटते आणि ठिकरी उडते. एक सळई तोडायची म्हणून धार घालवलेली यंत्रे थोडी नाहीत. डोळ्यांवर चष्मा असावा तो या ठिकऱ्यांसाठी.

पात्याखाली हात घालू नये हे नवख्या पोरालाही सांगावे लागत नाही. तरी बोटे जातात, आणि त्यामागचे प्रसंग ठरलेले असतात. पहिला प्रसंग शेवटच्या पट्टीचा. पत्रा मोठा असतो तेव्हा कारागीर पात्यापासून हातभर लांब असतो. तुकडे पडत जातात तसा पत्रा आखडतो आणि हात पुढे सरकतो. अखेर दाब्यांना नीट धरताही येणार नाही एवढी पट्टी उरते. तिच्यातून अजून एक तुकडा निघतो असे दिसते, आणि ती बोटांनी आत रेटली जाते. पाते चुकले तरी दाबा चुकत नाही. त्याच्याखालीही बोट चिरडते. अशी पट्टी लाकडाच्या ढकलकाठीने पुढे सारावी, नाहीतर सरळ भंगारात टाकावी. या भागातल्या शेतकऱ्याला हे उमजायला वेळ लागू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या मालात लोखंडी नांगराबरोबर कडबा कापायचे यंत्रही होते, आणि कडबाकुट्टीतही हात जातो तो पेंढीच्या शेवटच्या मुठीला.

यासाठी पात्यासमोर जाळी किंवा पट्टीचे गार्ड असते. त्याची खालची फट पत्रा जाईल पण बोट जाणार नाही इतकीच हवी, आणि फट जितकी मोठी तितके गार्ड पात्यापासून लांब हवे. खंडेनवमीला यंत्र पुसून झेंडूचा हार घालताना गार्ड काढतात, ते दिवाळी उलटली तरी कोपऱ्यात उभे असते, हे चित्र अनोळखी नाही. ‘गार्ड लावलं की आखलेली रेघ दिसत नाही’ अशी तक्रार असते आणि ती खरीही असते. त्यावर उपाय दिवा लावण्याचा आणि बॅक गेज दुरुस्त करण्याचा आहे.

दुसरा प्रसंग ‘डबल मारण्याचा’. क्लचची किल्ली झिजली किंवा ब्रेकचा पट्टा सैल झाला की पायटा सोडल्यावरही रॅम वर जाऊन थांबत नाही, आपणहून दुसरा फेरा मारतो. पहिला काप झाला म्हणून कारागीर तुकडा सावरायला पुढे झालेला असतो. हा दोष एकाएकी उपटत नाही. आधी रॅम वरच्या टोकाला थोडा पुढे सरकून थांबू लागतो, मग आठवड्यातून एखाद्या वेळी डबल येतो आणि ‘आज असंच करतंय’ म्हणून काम पुढे रेटले जाते. पहिल्या डबलला मेन स्विच पाडून किल्ली उघडून पाहणे एवढेच शहाणपणाचे. पायट्यावर लोखंडी टोपी असावी. वरून तुकडा पडला तरी पायटा दाबला जातो.

तिसरी जागा यंत्राची पाठ. तुकडे मागे पडतात आणि ते गोळा करणारा हेल्पर समोरच्याला दिसत नाही. ३ मिमीचा पूर्ण पत्रा साधारण ७० किलो भरतो, त्यामुळे दोघे लागतातच. दोघे असतील तर ‘मार’ म्हणणारा एकच असावा आणि पायटा त्याच्याच पायाखाली असावा. मागे जायचे असेल तर मोटर बंद, आणि फ्लायव्हील थांबेपर्यंत उभे राहायचे. मोटर बंद केल्यावरही त्यात एक-दोन काप मारण्याइतका जोर शिल्लक असू शकतो. वीज गेली तरी तेच. वीज जाताच स्टार्टर सोडवणारा नो-व्होल्ट कॉइल दोऱ्याने बांधून ठेवलेला असेल, तर वीज येताच यंत्र आपोआप फिरू लागते.

टेबलावर बसवलेला, हाताने चालवायचा हँड शिअर निरुपद्रवी वाटतो. त्याचा लांब दांडा वर नीट अडकवला नसेल तर स्वतःच्या वजनाने खाली येतो. खिट्टी नसलेला हँड शिअर वापरू नये.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमात यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालण्याची सक्ती होती, तर २३ व्या कलमात धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला पुरेशा प्रशिक्षणाशिवाय बसवण्यास मनाई होती. मात्र विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असतील तरच कारखाना धरला जाई. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने हा आकडा २० केला. रस्त्याकडेच्या चार माणसांच्या फॅब्रिकेशनच्या शेडला दोन्ही आकडे लागू होत नाहीत, आणि जुनी यंत्रे शेवटी तिथेच येतात.

पाते बदलणे हेही जोखमीचे काम आहे. मेन स्विच पाडून कुलूप लावतात, रॅमखाली लाकडी ठोकळे देतात आणि मगच वरच्या पात्याचे बोल्ट सोडतात, तेही मधला एक शेवटपर्यंत ठेवून. बऱ्याच पात्यांना चार धारा असतात. एक बोथटली की पाते उलटवायचे. एवढे करूनही कधी बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर पेशी मरतात आणि मिरजेच्या इस्पितळात पोचूनही ते जोडता येत नाही.