चांदोबाच्या उजेडातली शाळा

ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: तुर्की अमलात ग्रीक शाळांना बंदी होती, म्हणून पोरं रात्री लपतछपत चर्चमध्ये जात आणि पाद्री त्यांना अक्षरं अन् धर्म शिकवत. ‘चांदोबा, शाळेच्या वाटेवर उजेड दाखव’ अशा अर्थाचं बालगीतही पुरावा म्हणून पुढे केलं जातं.

अशी सरसकट बंदी नव्हतीच. इस्तंबूलमध्ये ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कची, म्हणजे ग्रीकांच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाची, शाळा राजरोस भरायची, इओआनिना या ग्रीक शहरातही १७व्या शतकापासून शाळा होत्या. कोझ्मास एटोलोस हा भिक्षू तर गावोगाव लाकडी क्रूस रोवायचा, शेजारी स्टुलावर उभा राहून प्रेम, क्षमा शिकवायचा आणि ‘शाळा काढा’ म्हणून गावकऱ्यांच्या मागे लागायचा. (१७७९ मध्ये त्याला फाशी दिली, हेही खरं.) खेड्यात बहुधा पाद्रीच मास्तर आणि स्तोत्रांची पोथी हेच क्रमिक पुस्तक. अक्षरओळख तिच्यावर, संस्कारही तिच्यातूनच.

मग डोळ्यांसमोरची ती अंधारी खोली, म्हातारा गुरू, भोवती पोरं? ते निकोलाओस गिझिसचं चित्र, १८८५-८६ च्या सुमाराचं. म्हणजे ग्रीस स्वतंत्र होऊन अर्धशतक उलटल्यावरचं. पुढे ते २०० द्राख्माच्या (ग्रीसचं युरोआधीचं चलन) नोटेवर छापलं गेलं. पुरावा असा खिशातच असल्यावर इतिहासकारांचं ऐकतंय कोण!