पडद्यावरून प्रेमळपणा मोजता येत नाही

एलन डीजेनरस यांचा अमेरिकेतला टीव्ही कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि जवळजवळ दोन दशकं चालला. नाच, विनोद, प्रेक्षकांवर भेटवस्तूंचा वर्षाव, आणि पुढे पुढे निरोप घेताना ठरलेलं एक वाक्य : एकमेकांशी प्रेमानं वागा. जुलै २०२० मध्ये या कार्यक्रमातल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी तिथल्या वातावरणाविषयी उघडपणे तक्रारी केल्या. धाक, अपमान, वर्णद्वेषी शेरे. बऱ्याच तक्रारींचा रोख वरिष्ठ निर्मात्यांवर होता, पण कार्यक्रमावर नाव होतं एलन यांचं. अंतर्गत चौकशी झाली, ऑगस्टमध्ये तीन वरिष्ठ निर्माते बाहेर पडले, सप्टेंबरमध्ये नव्या हंगामाच्या पहिल्याच भागात एलन यांनी माफी मागितली. मे २०२२ मध्ये कार्यक्रम संपला.

अशी बातमी आली की लोक ताबडतोब एका निष्कर्षावर येतात : इतकी वर्षं सगळं नाटक होतं, खरा चेहरा आता दिसला. मला हा निष्कर्ष पहिल्या भाबड्या विश्वासाइतकाच घाईचा वाटतो. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. प्रेमळपणा हा माणसाच्या आत साठवलेला एक गुण आहे, तो असला तर सगळीकडे दिसेल आणि एका ठिकाणी दिसला नाही तर मुळात नव्हताच. मानसशास्त्रानं गेल्या शंभर वर्षांत ही समजूत बरीच तपासून पाहिली आहे, आणि ती फारशी टिकलेली नाही.

आधी प्रेक्षकाच्या बाजूनं पाहू. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी समाजवैज्ञानिकांनी १९५६ मध्ये एक निबंध लिहिला. टीव्ही तेव्हा घरोघरी नुकताच पोचत होता. त्यांच्या लक्षात आलं की निवेदक थेट कॅमेऱ्यात बघतो, 'तुम्ही' म्हणून बोलतो, आपल्याशी थोडी थट्टा करतो, आणि पाहणाऱ्याच्या मनात त्याच्याशी खरीखुरी ओळख असल्याची भावना तयार होते. या एकतर्फी नात्याला त्यांनी पॅरासोशल असं नाव दिलं. अशा नात्याला वेडेपणा समजायचं कारण नाही. समोर चेहरा, ओळखीचा आवाज, डोळ्यांत बघणारी नजर, एवढं मिळालं की मेंदू त्या व्यक्तीला ओळखीच्या माणसांत जमा करतो. माणसाच्या इतिहासात जवळजवळ सगळा काळ हा हिशेब बरोबरच होता, कारण रोज दिसणारा चेहरा म्हणजे रोज भेटणारा माणूस. आजच्या मोबाइलच्या पडद्यावर, जिथे कलाकार स्वतःच्या खोलीतून आपल्याशी बोलतात, ही ओळख आणखी दाट होते.

पण ही ओळख एकाच प्रसंगातली असते. एखाद्या निवेदकाला आपण शेकडो तास पाहिलेलं असतं आणि ते सगळे तास सारखेच असतात : कॅमेरा चालू, तयारी झालेली, समोर पाहुणा, हातात कामाचं बोलणं. गाडीला उशीर झालेला, चहा सांडलेला, नवख्या मदतनिसानं चूक केलेली, असा एकही तास त्यात नसतो. नमुना मोठा आहे म्हणून आपल्याला खात्री वाटते, पण हजार वेळा तेच पाहिल्यानं दुसऱ्या प्रसंगाबद्दल काहीच कळत नाही.

जे कळत नाही ते मेंदू स्वतःच भरून काढतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या ११८ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मला या बाबतीत सगळ्यात बोलका वाटतो. युरोपीय ढंगात इंग्रजी बोलणाऱ्या एका प्राध्यापकाची मुलाखत त्यांनी दोनदा चित्रित केली. एकीत प्राध्यापक आपुलकीनं बोलतात, दुसरीत तेच गृहस्थ तुटक आणि कडक वागतात. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक चित्रफीत दाखवली, दुसऱ्या गटाला दुसरी. मग त्यांचं दिसणं, हावभाव आणि बोलण्याचा ढंग कसा वाटला ते विचारलं. माणूस तोच, चेहरा तोच, उच्चार तेच. आपुलकीची चित्रफीत पाहिलेल्या बहुतेकांना हे सगळं छान वाटलं, कडक चित्रफीत पाहिलेल्यांना तेच त्रासदायक वाटलं. त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माणूस आवडला किंवा नावडला म्हणून आपलं हे मत झालं, असं विद्यार्थ्यांना वाटतच नव्हतं. कडक चित्रफीत पाहिलेल्यांना तर उलटंच वाटत होतं : त्यांचं दिसणं आणि उच्चार खटकले म्हणून ते आवडले नाहीत. एका गुणाच्या उजेडात बाकीचे गुण उजळून दिसतात, याला हेलो इफेक्ट म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच तो लष्करी अधिकाऱ्यांनी सैनिकांना दिलेल्या गुणांमध्ये दाखवला होता. निस्बेट-विल्सन यांनी त्यात भर घातली ती ही, की हा परिणाम होत असताना आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

समोरचा माणूस भूमिका करतो आहे हे माहीत असूनही आपण फसतो. १९६७ मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी लोकांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू लिहायची हे लेखकाला ठरवूनच दिलं होतं, असं स्पष्ट सांगितल्यावरही वाचणाऱ्यांनी लेखकाचं खरं मत निबंधाच्या बाजूचंच असावं असा अंदाज केला. कलाकारांच्या बाबतीतही हेच होतं. हैफा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की प्रेक्षक पात्राचे गुण नटाला चिकटवतात, आणि एकाच नटाला दोन विरुद्ध भूमिकांत दाखवलं तर शेवटी पाहिलेली भूमिका वरचढ ठरते.

मराठी प्रेक्षकाला याचं उलट्या दिशेचं उदाहरण पाठ आहे. निळू फुले पडद्यावर इतके बेरकी खलनायक दिसत की बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत. प्रत्यक्षातले निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. खलनायकाच्या बाबतीत हा फरक कळला की आपल्याला आनंद होतो. प्रेमळ चेहऱ्याच्या बाबतीत तोच फरक कळला की विश्वासघात वाटतो. पण दोन्हीकडे चूक एकाच जागी झालेली असते.

आता पडद्यावरच्या माणसाच्या बाजूनं. १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी सुमारे ११,००० शाळकरी मुलांची प्रामाणिकपणाची कसोटी घेतली. परीक्षेत नक्कल करण्याची संधी, खेळात गुण वाढवून सांगण्याची संधी, पैसे उचलण्याची संधी, अशा वेगवेगळ्या वेळी मुलं कशी वागतात ते पाहिलं. अपेक्षा अशी होती की मुलांचे प्रामाणिक आणि अप्रामाणिक असे दोन गट निघतील. तसं झालं नाही. परीक्षेत नक्कल करणारं मूल पैशांना हात लावेलच असं नव्हतं, आणि उलटही. एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगाचा अंदाज फारच कच्चा निघाला.

मग स्वभाव म्हणून काही नसतोच का? असतो, पण त्याचा आकार वेगळा आहे. वॉल्टर मिशेल आणि युइची शोडा यांनी १९९० च्या दशकात एका उन्हाळी शिबिरातल्या मुलांच्या वागण्याच्या तपशीलवार नोंदी अभ्यासल्या. दोन मुलांची एकूण भांडखोरी सारखीच असे, पण एक मूल मोठ्यांनी दटावलं की भडके आणि सोबत्यांत शांत राही, दुसरं सोबती जवळ आले की बिथरे आणि मोठ्यांपुढे नमून वागे. हा 'जर असं झालं तर मी असा वागतो' नमुना प्रत्येक मुलात बऱ्यापैकी टिकून राहिला. मिशेल यांच्या मते माणसाचा स्वभाव ओळखायचा तर या नमुन्यातच शोधायला हवा.

प्रसिद्ध माणसाला हे लावून पाहा. जर कॅमेरा चालू असेल, समोर बरोबरीचा पाहुणा असेल, टाळ्या मिळणार असतील, तर ऊब. जर दार बंद असेल, वेळ कमी असेल, समोर ज्याची नोकरी आपल्या हातात आहे असा माणूस असेल, तर खेकसणं. यातलं पहिलं वागणं खोटं असायलाच हवं असं नाही. कॅमेऱ्यासमोर पाहुण्याचं दुःख ऐकताना त्या माणसाचे डोळे खरोखर भरून येत असतील. दुसरं वागणंही तितकंच खरं आणि तितकंच टिकाऊ आहे. म्हणूनच "पण ते माझ्याशी इतके छान वागले" असं सांगणारा पाहुणा खोटं बोलत नसतो. त्याची साक्ष फक्त त्याच्यासारख्यांपुरती असते.

वेळेची गोष्ट किरकोळ समजू नये. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात वाकून, कण्हत बसलेला होता. काहींना भाषणासाठी विषय दिला होता जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली कथा. त्या विषयाचा मदतीवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. घाईचा दिसला. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. करुणेवर बोलायला निघालेला माणूस कण्हणाऱ्याला ओलांडून जाऊ शकतो, आणि त्यासाठी तो मनानं दुष्ट असावा लागत नाही. चित्रीकरणाच्या जागी घाई कायमच असते.

शिवाय कॅमेऱ्यापुढची ऊब हे पगारी काम आहे. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या अभ्यासातून भावनिक श्रमाची कल्पना मांडली : हसतमुख राहणं हाच जिथे कामाचा भाग असतो, तिथे ते हसू टिकवायला कष्ट पडतात. हे मला पूर्ण पटतं. पण विमानसेविका दमून परतली की तिला कुणावर ओरडण्याची मुभा नसते. तारेतारकांना ती असते. थकवा दोघांनाही येतो, फरक अधिकाराचा आहे.

प्रसिद्धीनं माणूस बिघडतो, असं सर्रास म्हटलं जातं. मार्क यंग आणि ड्र्यू पिन्स्की यांनी २००६ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमाला आलेल्या २०० प्रसिद्ध व्यक्तींची आत्ममग्नतेची चाचणी प्रसिद्ध केली. गुण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त निघाले, पण या व्यवसायात किती वर्षं काढली याच्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. पाहुणे एकाच कार्यक्रमाचे होते, त्यामुळे यावरून मोठा नियम काढू नये. तरी एक शक्यता पुढे येते : सतत नजरेत राहण्याची ओढ असलेली माणसंच या क्षेत्रात अधिक येत असावीत. चांगलं काम केल्यावर माणूस स्वतःला थोडी सूट देतो, असंही काही प्रयोग सांगतात. २०१५ मध्ये अशा ९१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. परिणाम दिसला, पण माफक, आणि अप्रकाशित अभ्यासांमध्ये त्याहून क्षीण. दानशूर माणसाच्या दुष्कृत्याचं सगळं उत्तर यातून मिळत नाही.

चांगुलपणाचा उपदेश करणारा उघडा पडला की लोक इतके का चिडतात, याचं उत्तर मात्र बरंच स्पष्ट आहे. जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात २०१७ मध्ये दाखवलं की दुसऱ्याच्या चुकीचा निषेध करणारा माणूस स्वतः ती चूक करणारच नाही असं ऐकणारे धरून चालतात. "मी असं करत नाही" या सरळ दाव्यापेक्षाही निषेधावर लोक जास्त विश्वास ठेवतात. मग तो माणूस तीच चूक करताना सापडला की त्याला साध्या खोटारड्यापेक्षा वाईट ठरवतात. पण "हे चूक आहे, आणि माझ्याकडूनही कधी कधी होतं" असं आधीच सांगणाऱ्याबद्दल हा राग उरत नाही. लोकांना संताप येतो तो फुकट मिळवलेल्या प्रतिष्ठेचा.

ही प्रतिष्ठा कुणाच्या पदरातून वसूल होते, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात गंभीर भाग आहे. ब्रिटनमधले जिमी सॅव्हिल बीबीसीवर १९७५ ते १९९४ मुलांच्या इच्छा पूर्ण करण्याचा कार्यक्रम करत. रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून राबत, धर्मादाय कामांसाठी कोट्यवधी पौंड जमवत. १९९० मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये ते वारले. वर्षभरानं एका टीव्ही माहितीपटानं त्यांनी केलेल्या लैंगिक अत्याचारांना वाचा फोडली, आणि जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालापर्यंत सुमारे ४५० जणांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी दिल्या होत्या. २१४ गुन्हे नोंदले गेले, सर्वांत जुना १९५५ चा, शेवटचा २००९ चा. बहुतेक पीडित त्या वेळी १८ वर्षांखालचे होते. मुलांवर माया करणारा म्हणून मिळालेली ओळख त्यांना रुग्णालयाच्या वॉर्डात सहज प्रवेश मिळवून देत होती.

इथे 'जर-तर'चा नमुना पुरेसा नाही. हा हिशेबानं केलेला गुन्हा आहे आणि घाईनं खेकसण्याशी त्याची तुलना होऊ नये. पण पाहणाऱ्यांच्या मनात घडलं ते निस्बेट यांच्या विद्यार्थ्यांच्या मनात घडलं तसंच. निवृत्त न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या सॅव्हिल प्रकरणावरच्या २०१६ च्या चौकशी अहवालात बीबीसीतल्या अशा वातावरणाचं वर्णन आहे जिथे नामवंत कलाकारांना हात लावता येत नसे आणि खालच्या कर्मचाऱ्यांना बोलायची भीती वाटे.

सॅव्हिल जिवंत असताना इंग्लंडमधल्या पोलिसांकडे काही महिलांच्या तक्रारी पोचल्या होत्या. २००९ मध्ये त्यांची चौकशी झाली, खटला भरला गेला नाही. जानेवारी २०१३ मध्ये अभियोग खात्यासाठी ॲलिसन लेव्हिट यांनी त्या निर्णयाचा फेरआढावा घेतला. त्यात आढळलं की तक्रारदार महिलांना एकमेकींबद्दल सांगितलंच गेलं नव्हतं. लेव्हिट ज्यांच्याशी बोलल्या त्या प्रत्येकीनं सांगितलं की तक्रार करणारी मी एकटी नाही हे तेव्हा कळलं असतं, तर बहुधा मी साक्ष द्यायला तयार झाले असते.